खोडलेला मजकूर

माझ्या नवऱ्यानं मला लिहिताना गेल्या चार वर्षांत एक अक्षर खोडलेलं नाही. हे मी अंदाजानं सांगत नाही, सरकारी आकड्यानं सांगते. "येतो." "दूध आणू का?" "गॅसवाला आला का?" टाइप केलं, पाठवलं, विषय संपला. सरासरी सहा सेकंद. खोडलेली अक्षरं शून्य. तुम्ही म्हणाल, बरंच आहे की, मनात काही न ठेवणारा माणूस दिसतोय. मीही तेच म्हणायचे, अगदी त्या मंगळवारपर्यंत.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मी ऋजुता कुंभोजकर, वय एक्केचाळीस, राहणार सांगली. नवरा निनाद, इथून तासाभरावरच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. मुलगी सई पुण्याला हॉस्टेलवर. पंधरा वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, कारखान्यांचे अहवाल, समोर येईल ते वाचायचं आणि चुका काढायच्या. दुसऱ्याच्या चुका काढायची हौस मला लहानपणापासूनच, त्यामुळे काम कधी जड गेलं नाही. पुढे यंत्रं शुद्धलेखन बघायला लागली, छापखाना बंद पडला आणि मला मागोवा केंद्राच्या मराठी शाखेत नोकरी मिळाली. सांगली-मिरज रस्त्यावर एका टू-व्हीलरच्या शोरूमवर, तिसऱ्या मजल्यावर. घरी सांगितलं, शासनाच्या शब्दकोशाचं काम आहे. गोपनीयतेची सही केली होती, त्यामुळे निनादलाही तेवढंच माहीत.

आता मागोवा म्हणजे काय ते. हल्ली प्रत्येक फोनमध्ये सरकारचा एकच कीबोर्ड येतो, सगळ्या भारतीय भाषांचा. फुकट आहे आणि खरोखर चांगला आहे, बोलीतलं लिहिलं तरी समजून घेतो. तुम्ही निरोप पाठवलात की तो कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्याच फोनवर उघडतो. मधे कुणाच्या बापाला वाचता येत नाही. पण कुलूप लागतं ते पाठवल्यावर. त्याआधी अक्षर न् अक्षर त्या कीबोर्डमधून जातं, आणि शब्द सुचवायला शिकावं म्हणून तुम्ही काय लिहिलंत नि काय पुसलंत, दोन्ही तो लक्षात ठेवतो. मागोवाला हवं असतं ते पुसलेलं.

त्याचं एक शास्त्र आहे. अक्षर चुकलं तर माणूस अर्ध्या सेकंदात मागे जाऊन दुरुस्त करतो. मन बदललं तर मात्र तो थांबतो. तीन सेकंद, पाच सेकंद, कधी दहा सेकंद नुसता बघत बसतो, आणि मग शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत एका लयीत पुसत जातो. या थांबण्याला आमच्याकडे 'थबक' म्हणतात. थबक जितकी मोठी, तितकं ते वाक्य मनातलं. माणूस पाठवतो ते विचार करून पाठवतो. पुसतो ते खरं असतं. लाखो लोकांवर हे तपासून बघितलंय आणि गणित सहसा चुकत नाही.

मला पहिल्या दिवशी प्रश्न पडला होता, की न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय लोकांचं वाचायचं कसं? आमचे उपसंचालक तांबवेकर साहेब, फार सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं.

"मॅडम, पाठवलं तर तो पत्रव्यवहार. त्याला हुकूम लागतो, आणि आम्ही हुकमाशिवाय हातही लावत नाही. पण जे पाठवलंच नाही, तो पत्रव्यवहार झालाच नाही. मग हुकूम कशाचा मागायचा?"

मला पटलं. चूक सापडली नाही, आणि मला चूक सापडली नाही की मी सही करते, ही पंधरा वर्षांची सवय.

यंत्र सगळं स्वतःच वाचतं, मग आमच्यासारख्यांना कशाला बसवलं? तर यंत्राला मराठी येतं, मराठी माणूस कळत नाही. एखादी आई पोराला लिहिते, "घरी ये, जीव घेते तुझा," आणि पुसते. एखादी सून लिहिते, "या म्हातारीला पोत्यात घालून कृष्णेत सोडते एकदा," आणि पुसते. यंत्र घाबरून ते आमच्या टेबलावर पाठवतं. आम्ही वाचायचं आणि दोनातला एक शेरा मारायचा: 'बोलीचा भाग' किंवा 'गंभीर'. शंभरातले नव्व्याण्णव बोलीचा भाग असतात. माझ्या शेजारच्या टेबलावर नसीमा मुजावर बसायची, मिरजेची, पूर्वी शाळेत मराठी शिकवणारी. तिनं दोन वर्षांत एकदाही 'गंभीर' मारलं नव्हतं. एकदा हात चुकून मारला होता, तो तिनं तासाभरात माझ्या संमतीनं मागे घेतला.

तर, मंगळवार. साडेअकराला माझ्यापुढे एक फाइल आली. पद्धत अशी, की लिहिणारा आणि ज्याला लिहिलंय तो, दोघांची नावं झाकलेली. तारखा, वेळाही झाकलेल्या. वरती यंत्रानं पकडलेलं वाक्य, आणि खाली संदर्भासाठी त्याच माणसानं त्याच व्यक्तीला लिहून पुसलेले मागचे तीस मजकूर. वरचं वाक्य होतं:

"कधीकधी वाटतं, ही डिस्टिलरी, हे घर, सगळं एकदा पेटवून द्यावं आणि तुमच्यामागून निघून यावं."

थबक चौदा सेकंद. मला हसू आलं. कंटाळलेला पुरुष, आणखी काय! शेरा मारायला हात गेलाच होता, पण नियम म्हणजे नियम, खालचे तीस वाचावे लागतात.

"तुमचा आवाज ऐकला की दिवस सरळ जातो."

"आज परत मुगाची खिचडी. तुम्ही काय जेवलात?"

"तुम्ही निळी साडी नेसला होता त्या दिवशी माझं साखरेचं रीडिंग दोनदा चुकलं."

छान लिहितोय गडी, असं मी मनातल्या मनात म्हटलं. देवाशप्पथ, म्हटलं. मग अकरावा मजकूर वाचला.

"परवा ही गच्चीच्या पायरीवरून घसरली. गुडघा सुजलाय. मलम लावून देत होतो आणि मनात तुम्ही. फार लाज वाटली."

टेबलाखाली माझ्या गुडघ्याला तेव्हाही क्रेप बँडेज होतं.

मी उठून पाणी प्यायले. परत आले आणि सगळे तीस पहिल्यापासून वाचले. गच्चीवरची निळी टाकी होती. सईच्या ॲडमिशनची धावपळ होती. माझ्या भावाच्या लग्नातला राडा होता, तो मी निनादला कुणापुढे काढू नको म्हणून बजावलं होतं. आणि पानाच्या तळाशी तुलनेसाठी तक्ता. या नंबराला लिहिताना सरासरी अकरा मिनिटं टंकन, त्यातून पाठवलेले शब्द तीन. त्याच्याखाली 'घर' या नावानं एक ओळ. सहा सेकंद. खोडलेली अक्षरं शून्य.

अकरा मिनिटं! निनाद माझ्याशी सलग अकरा मिनिटं बोलला असेल तो सईच्या बारशाच्या यादीवरून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी बाई आहे याचा राग आला असता तर मी समजू शकले असते, चारचौघींसारखी रडले असते. पण मला राग आला तो त्या थांबण्याचा. चौदा सेकंद तो कुणासाठी तरी हातात फोन धरून बसला होता. माझ्या वाट्याला 'दूध आणू का' आणि हिच्या वाट्याला हे सगळं, आणि तेही तिला न सांगता, नुसतं तिच्यावरून ओवाळून टाकलेलं. जळून खाक झाले मी.

नियमानं तिथंच थांबायला हवं होतं. ओळखीचं माणूस निघालं तर फाइलवर 'परिचित' लिहायचं आणि शेजारच्या टेबलाकडे सरकवायची. म्हणजे नसीमाकडे. म्हणजे नसीमानं वाचायचं, की कुंभोजकर बाईंचा नवरा बायकोच्या गुडघ्याला मलम लावताना कुणाचा विचार करतो. छापखान्यात असताना मी गावभरच्या चुका काढल्या होत्या; माझ्या घरातली चूक दुसऱ्या कुणी तपासावी हे मला मरणाहून वाईट वाटलं. निकाल द्यायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ होता. मी फाइल तशीच मिटली.

संध्याकाळी निनाद भाजी आणायला गेला तेव्हा त्याचा फोन चार्जिंगला होता. त्याला कधी कुलूप नव्हतं. इतकी वर्षं त्याचा मला अभिमान होता. मी एकेक नाव उघडत गेले. हिशेब खात्यातल्या बाई, योगवर्गाच्या बाई, त्याची पुण्याची वर्गमैत्रीण, तीन वेगवेगळ्या लॅबमधल्या तीन बायका. सगळीकडे एकच. "नमुना पाठवला आहे." "रिपोर्ट मिळाला. धन्यवाद." "उद्या फोन करतो." निनाद सगळ्या जगाला तीन शब्दांतच उरकतो. शोधून शोधून थकले, एक चुकार बदाम सापडला नाही. फोनमधला माणूस इतका सोज्वळ, की मीच त्याला एखादा पुरस्कार दिला असता.

तो भाजी घेऊन आला. मेथी आणली होती, मला आवडते म्हणून. मी निवडायला बसले आणि विचारलं, आज दिवसभर काय काय झालं. तो म्हणाला, नेहमीचंच. गुडघा कसा आहे, त्यानं विचारलं. बरा आहे, मी म्हटलं. मलम लावू का, म्हणाला. नको, मी म्हटलं, आणि ते इतकं तोडून म्हटलं की तो बघत राहिला.

नाव कळायचा एकच रस्ता होता. फाइलवर 'गंभीर' मारलं की नावं उघडतात, कारण पडताळणी करणाऱ्यानं ती एकदा डोळ्याखालून घालायची असतात. त्यानंतर फाइल अठ्ठेचाळीस तास आमच्याकडे राहते आणि मग कोल्हापूरच्या चौकशी कार्यालयात जाते. तेवढ्या वेळात शेरा मागे घेता येतो. मी हिशोब केला: मारायचा, नाव बघायचं, मागे घ्यायचा. छापखान्यात आपण एखादा शब्द काटतो आणि पुन्हा वाचल्यावर खाली टिंबं देऊन 'राहू दे' लिहितो. त्यात कुणाचं काय बिघडतं?

बुधवारी अकरा वाजता मी शेरा मारला.

भाग्यश्री मगदूम. निपाणीच्या एका खासगी लॅबमध्ये साखरेचे नमुने तपासणारी. मी तिला ओळखत होते. ओळखत होते म्हणजे काय, दोन वर्षांमागं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती कारखान्यातल्या बायकांबरोबर माझ्या घरी आली होती. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून एकटी राहते, असं कुणीतरी कानात सांगितलं आणि मला तिची कीव आली होती. मीच तिची ओटी भरली. मीच तिला गुळाच्या पोळ्या डब्यात घालून दिल्या, एकटीसाठी कुठं करणार म्हणून. जाड भिंगाचा चष्मा, हळू बोलणं, दिसायला काही विशेष नाही. ती देखणी असती तर मला सोपं गेलं असतं. देखण्या बाईवर चार शिव्या घालून मोकळं होता येतं. हिच्यात असं काय होतं, की माझा नवरा तिच्यासाठी थबकत होता? मला काहीच दिसेना, आणि न दिसल्यानं जास्तच जिवाची आग होत होती.

आता शेरा मागे घ्यायचा होता. त्यासाठी शेजारच्या टेबलानं फाइल वाचून संमती द्यावी लागते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नसीमानं मागे घेतला तेव्हा संमती मीच दिली होती. पण मत्सरानं माणूस आंधळा होतो तो असा. नाव हवं होतं तेव्हा मला पुढची पायरी दिसलीच नाही. आता नसीमाकडे जायचं, म्हणजे 'परिचित' न लिहिल्याचंही कबूल करायचं, आणि ते तीस मजकूरही तिच्या हातात द्यायचे.

बुधवार गेला. गुरुवारी दुपारी डबा खाताना नसीमानंच विषय काढला. तिच्या पडद्यावर शाखेची मोजदाद दिसत होती.

"ऋजुता, तुझा एक गंभीर दिसतोय गं. खरंच आहे का? नाहीतर आण इकडं, मी वाचते. उद्या अकराला जाईल ते कोल्हापूरला."

माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली आणि म्हटलं, "खरंच आहे."

ती म्हणाली, अरे देवा, आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. तिला वाटलं, वाचून मला त्रास झालाय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तेव्हाही सांगू शकले असते. पण मग रोज त्या टेबलावर बसून तिनं माझ्याकडे बघितलं असतं तसं, जसं मी हळदीकुंकवाला भाग्यश्रीकडे बघितलं होतं. ते मला सोसलं नसतं. शुक्रवारी अकरा वाजता फाइल पडद्यावरून गेली. मी घाबरले, आणि तरीही, खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी बरं वाटलं. कळू दे एकदा, थबकण्याची काय किंमत असते ते.

साडेबाराला निनादचा निरोप आला. "कोल्हापूरला जावं लागतंय. काळजी करू नको." रात्री आला नाही. फोन बंद. शनिवारी सकाळी कारखान्यातून त्याच्या साहेबांचा फोन आला, की सरकारी जीप येऊन निनादला घेऊन गेली, डिस्टिलरीच्या सुरक्षिततेबद्दल काहीतरी चौकशी आहे, आणि निकाल लागेपर्यंत त्यानं रजेवर राहावं हे बरं. साहेब फार अवघडून बोलत होते. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. स्पिरिटच्या टाक्या सांभाळणारा माणूस 'पेटवून द्यावं' म्हणतो, याचा अर्थ आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक होतो आणि कोल्हापूरच्या त्या खोलीत दुसरा होतो. मध्ये एकच चाळण होती, ती म्हणजे मी. देवापुढे बसले आणि काय मागावं तेच सुचेना. तो सुटावा, हे मागितलं. तिला बोलावलेलं नसावं, हेही मागितलं.

शनिवारी संध्याकाळी तो आला. दोन दिवसांत दाढी वाढली होती, शर्ट तोच. आंघोळ केली आणि स्वयंपाकघरात येऊन खाली बसला, टेबलाशी नाही. मी ताट घेतलं. तो म्हणाला, ताट राहू दे, आधी ऐक.

आणि त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. जीपमध्ये कुणी बोललं नाही. खोलीत दोन अधिकारी होते. टाक्यांच्या किल्ल्या कुणाकडे असतात, इतक्यात कुणाशी भांडण झालंय का, कुठं पैसे अडकलेत का, असं रात्रभर विचारत होते. सकाळी शेजारच्या खुर्चीवर भाग्यश्रीला आणून बसवलं. पहाटे निपाणीहून उचललं होतं, पायात घरातल्या चपला होत्या. कटात ती सामील आहे का, बघायचं होतं. म्हणून त्यांनी फाइल उघडली.

"आणि त्यानं वाचलं, ऋजू. मोठ्यानं. तारखेसकट. एकतीसच्या एकतीस. ती माझ्याकडे बघत होती आणि तो पेपर वाचावा तसा वाचत होता." निनादनं पाठ भिंतीला टेकवली. "चार वर्षं मी त्यातला एक शब्द तिच्यापर्यंत जाऊ दिला नव्हता."

मी म्हटलं, मुळात लिहायचंच कशाला.

"लिहिल्याशिवाय मनातून जायचं नाही. लिहायचो, वाचायचो, तुझा चेहरा समोर यायचा आणि पुसायचो. पुसलं की घरी यायला मोकळा व्हायचो. मी ते तुझ्यासाठी पुसत होतो गं."

शेगडीवरची आमटी उतू गेली, मी गॅस बंद केला. एवढंच केल्याचं मला आठवतं. ज्या पुसण्यावर मी जळत होते, ते माझ्या वाटणीचं होतं. अकरा मिनिटांतली सगळी थबक माझी होती. आणि जो निरोप तो चार वर्षं अडवून बसला होता, तो मी सरकारी जीपनं, अधिकाऱ्याच्या तोंडून, तिच्या कानापर्यंत पोचवला होता.

दुसऱ्या कुणाला इथं लाज वाटली असती. मला काय वाटलं सांगू? मी विचारलं, "मग ती काय म्हणाली?"

 तो म्हणाला, "आत काही नाही. सोडल्यावर स्टँडवर तिची बस लागेपर्यंत थांबलो होतो. तेव्हा म्हणाली, मीही पुसायचे."

तो उठून गच्चीत गेला. जाताना दारात थांबला. त्या अधिकाऱ्यानं शेवटी सही घेताना हसत काय सांगितलं ते त्याला आठवलं असावं. म्हणाला, "मला म्हणतो, साहेब, सरळ पाठवलं असतंत तर आम्हाला दिसलंच नसतं." आणि मग, "कुणीतरी बसून वाचलं असेल ना हे? माणसानं? मराठी कळणाऱ्या माणसानं? त्याला कळलं नसेल का, की हा नुसता वैतागलाय?"

"मशीन असेल," मी म्हटलं.

त्यानंतर त्यानं फोनला कुलूप लावलं. सरकारचा भरवसा नाही म्हणाला. मी काय बोलणार. त्यानंही पुढचं काही कबूल केलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर 'नाही बोलणार तिच्याशी' असं म्हणाला असता, आणि निनाद शब्द पाळतो. पण मागून घेतलेला शब्द मला नको होता. माझा ताठा मला नडला, दुसरं काय!

त्यात आमच्या केंद्राचा नियम असा, की 'गंभीर' शेऱ्यातून सुटलेली जोडी नव्वद दिवस देखरेखीखाली ठेवायची. आणि ठेवायची कुणाकडे, तर ज्यानं शेरा मारला त्याच्याच टेबलावर. रोज सकाळी माझ्यापुढे त्या दोघांची पट्टी उघडायची. पहिला आठवडा: टंकन शून्य, खोडलेलं शून्य. मी रोज ती पट्टी बघायचे आणि देवाचे आभार मानायचे. घरी आम्ही जपून वागत होतो. तो कामावर परत रुजू झाला. मी त्याच्या आवडीची भरली वांगी केली, तो नको म्हणत असताना दोनदा वाढली. झोपताना म्हणाला, गुडघा अजून दुखतो का, मी म्हटलं, थोडासा, आणि त्यानं मलम लावून दिलं. लावताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही कळलं नाही.

दुसरा आठवडाही कोरा गेला. मला वाटलं, जिंकले.

अठराव्या दिवशी, गुरुवारी, पट्टी उघडली.

टंकन: एक्केचाळीस मिनिटं. थबक: शून्य. खोडलेली अक्षरं: शून्य.

खाली तिची ओळ. टंकन: अडतीस मिनिटं. थबक: शून्य. खोडलेली अक्षरं: शून्य.

मी पडदा बंद करून पुन्हा चालू केला. तेच आकडे. एक्केचाळीस मिनिटं तो लिहीत होता आणि एकदाही थांबला नव्हता. मधे कुणाचा चेहरा समोर आला नव्हता. लिहिलं ते सगळंच्या सगळं पाठवलं होतं. पट्टीखाली, प्रत्येक फाइलखाली असते तीच ओळ होती, ती मी चार वर्षं रोज बघत होते आणि कधी वाचली नव्हती: पाठवलेला मजकूर न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय उपलब्ध नाही.

मी तडक तांबवेकर साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, देखरेखीतल्या एका जोडीचा पाठवलेला मजकूर बघायचाय, आदेश मागवा. त्यांनी कारण विचारलं. माझ्याकडे कारण नव्हतं. संशय येतोय, म्हटलं. कसला, म्हणाले. खोडत नाहीत, म्हटलं.  मग त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला, आणि लहान मुलीची समजूत काढावी तसं म्हणाले:

"अहो मॅडम, लोकांचा खासगी पत्रव्यवहार आहे तो. असा कसा वाचता येईल आपल्याला?"

मी चहा प्यायले आणि जागेवर येऊन बसले. अजून बहात्तर दिवस ती पट्टी माझ्याच टेबलावर उघडणार होती.